आठ घटकांची गोळी

मागच्या दिवाळीत घरी गेलो होतो. घरी म्हणजे एकलहऱ्याला. नाशिकरोडच्या पुढे, थर्मलचं एकलहरे. आधी लांबून चिमण्या दिसतात, गाव नंतर दिसतं. 1970 च्या सुमाराला इथे वीजमंडळाचा पहिला संच सुरू झाला. आधी 140 मेगावॅटचे दोन, मग 1979 ते 1981 या काळात 210 चे तीन. माझं सगळं लहानपण या आकड्यांत गेलं, कारण बाबा तिथेच नोकरीला. रिटायर झाल्यावर त्यांनी गावातच घर बांधलं. नाशिकला फ्लॅट घ्या म्हणून आम्ही बराच आग्रह केला होता, पण "चिमणी दिसली नाही तर मला झोप लागत नाही" हे त्यांचं उत्तर ठरलेलं. असो.

तर दिवाळीत पहिल्याच रात्री लक्षात आलं की बाबा खोकतायत. कोरडा, ठसक्यासारखा खोकला. आणि प्रत्येक खोकल्यानंतर एक ठराविक आवाज... कागद उलगडल्याचा. शर्टाच्या वरच्या खिशात गोळ्या, उशीखाली गोळ्या, स्कूटरच्या डिकीत गोळ्या. वॉशिंग मशीनमधून आईने मूठभर चिकट कागद काढून दाखवले. गणपतीपासून चाललंय म्हणाली.

"अहो, किती खाता त्या गोळ्या? दिवसाला वीस तरी होत असतील."

"अगं, औषध थोडंच आहे? गोळी आहे ती."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. औषध नाही, गोळी आहे. आपण सगळेच असं बोलतो. ऑफिसात माझ्या ड्रॉवरमध्येही एक पाकीट पडलेलं असतं, आणि डेमोच्या आधी घसा साफ करायला एक तोंडात टाकताना मी कधी पाकिटामागचा मजकूर वाचलेला नाही. क्रोसिन घेताना निदान "सकाळी एक घेतली होती का?" एवढा तरी विचार येतो. इथे तोही नाही. हे असं कधीपासून झालं? खोकल्याची गोळी औषधाच्या कपाटातून निघून पानटपरीवरच्या बरणीत कशी पोचली? पुण्याला परत आल्यावर दोन-तीन शनिवार-रविवार यातच घालवले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. लोलिंबराज हे नाव ऐकलंय? मीही ऐकलं नव्हतं. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा वैद्य आणि कवी, परंपरेने जुन्नरचा मानला जातो, आणि त्याला सप्तशृंगीच्या देवीचा प्रसाद मिळाला अशी कथा आहे. सप्तशृंगी म्हणजे आपला वणीचा गड. त्याचा 'वैद्यजीवन' हा छोटासा संस्कृत ग्रंथ आहे, आणि तो चक्क बायकोला उद्देशून लिहिलाय. रत्नकला तिचं नाव. अधूनमधून तिच्या डोळ्यांची वगैरे स्तुती करत करत हा गृहस्थ तापावर काढा कोणता, अतिसारावर काय, हे सांगत जातो. वैद्यकाचं पाठ्यपुस्तक इतकं रंगेल मी दुसरं पाहिलं नाही.

त्यात खोकल्यावर एक गोळी आहे. लवंग, मिरी आणि बेहड्याच्या फळाची साल सारख्या प्रमाणात, या सगळ्यांच्या बरोबरीने खैराचा सार म्हणजे कात, आणि बाभळीच्या सालीच्या काढ्यात खलून गोळ्या वळायच्या. तोंडात धरून चघळायच्या. आजही आयुर्वेदाच्या दुकानात 'लवंगादि वटी' मागितलीत तर हीच मिळते. (चव भयंकर आहे. खात्री करून घेतली.) पण मला खरी गंमत वाटली ती पुढे. लोलिंबराज सांगतो की ही गोळी आठ घटकांत खोकला घालवते. एक घटका म्हणजे 24 मिनिटं. आठ घटका म्हणजे 192 मिनिटं, तीन तास बारा मिनिटं. दावा अतिशयोक्त आहेच, कवी माणूस! पण बघा, गोळीबरोबर घड्याळ आहे. एवढ्या वेळात फरक पडला पाहिजे असं त्यात गृहीत आहे. नाही पडला तर वैद्याने दुसरं काही बघायचं. बाबांच्या गोळीला हे घड्याळच नव्हतं.

आता जरा सातासमुद्रापार. इंग्रजीत या गोळीला 'लॉझेंज' म्हणतात, आणि तो मुळात आकाराचा शब्द आहे. लॉझेंज म्हणजे शंकरपाळ्याचा आकार! पूर्वी साखर, डिंक आणि औषध एकत्र मळून, पोळीसारखं लाटून, तिरक्या रेघांनी कापून वाळवत. थोडक्यात, दिवाळीत आई करते तेच. नंतर यंत्रं आली, गोळ्या गोल झाल्या, नाव तेवढं शंकरपाळ्याचं राहिलं.

या साहेबी शंकरपाळ्यांत काय काय असायचं हे वाचून मात्र घसा कोरडा पडतो. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश फार्माकोपियात, म्हणजे सरकारमान्य औषधसंहितेत, अफूच्या गोळ्या आणि मॉर्फिनच्या गोळ्या खोकल्यासाठी अधिकृतपणे होत्या. 1898 मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने खोकल्यावरचं नवीन औषध म्हणून जे बाजारात आणलं त्याचं नाव 'हेरॉइन'. होय, तेच. त्याच्याही चघळायच्या गोळ्या निघाल्या. खोकला थांबायचा यात शंकाच नाही. बाकीचं बरंच काही थांबायचं. अमेरिकेत 1906 च्या कायद्याने अशी द्रव्यं असतील तर लेबलवर लिहिणं भाग पडलं आणि 1914 च्या कायद्याने अफू-कोकेनच्या व्यवहारावर बंधनं आली. मग गोळीवाल्यांना प्रश्न पडला की अफू काढून आत घालायचं काय?

उत्तर होतं मेंथॉल, म्हणजे पुदिन्याचा अर्क, आपल्याकडे ज्याला पुदिन्याचं फूल म्हणतात ते. मेंथॉलची करामत अशी की ते काहीही थंड करत नाही. आपल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारा एक सेन्सर असतो, टीआरपीएम8 नावाचा. मेंथॉल तोच सेन्सर दाबतं आणि मेंदूला 'गार आहे' असा खोटा सिग्नल जातो. घशाचं तापमान तेवढंच, नाक बंद असेल तर तेही तेवढंच बंद, पण वाटतं मोकळं झालं. हा सेन्सर 2002 मध्ये सापडला. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन या दोघांनी तो वेगवेगळा शोधला आणि उष्णता-स्पर्श यांच्या सेन्सर्सवरच्या कामासाठी दोघांना 2021 चं नोबेल मिळालं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बग तसाच आहे, फक्त एरर मेसेज बंद केलाय. (आज जगातलं सर्वाधिक मेंथॉल भारतात होतं, मुख्यतः उत्तर प्रदेशातल्या शेतांत.)

आणखी एक अमेरिकन किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावात स्मिथ नावाच्या खानावळवाल्याने 1847 च्या सुमाराला खोकल्याच्या गोळ्या विकायला सुरुवात केली. पुढे त्याची दोन दाढीवाली मुलं धंदा बघू लागली. गोळ्या दुकानांत काचेच्या बरणीत सुट्या असायच्या. मग जो तो आपल्या गोळ्या 'स्मिथच्या' म्हणून विकू लागला. वैतागून या भावांनी बरणीवर, आणि 1872 पासून कारखान्यात भरलेल्या छोट्या खोक्यांवर, आपले दाढीवाले चेहरे छापले. एकाच्या चेहऱ्याखाली 'ट्रेड' आणि दुसऱ्याच्या खाली 'मार्क'. कित्येक अमेरिकनांना वाटायचं की भावांची नावंच ती आहेत! पण यातला मुद्दा लक्षात ठेवा. बरणीतून खोक्यात गेल्यामुळे गोळीला लेबल मिळालं. आपल्याकडे प्रवास नेमका उलटा झाला. खोक्यातून बरणीत.

तो कसा झाला ते बघू. इथे प्रकरण खरंच रंगतदार आहे.

भारतात 1940 साली औषध कायदा झाला आणि 1945 साली त्याचे नियम. नियमाप्रमाणे ॲलोपॅथीचं औषध विकायला दुकानदाराला परवाना लागतो. मात्र नियमांना 'शेड्यूल के' नावाची एक पुरवणी आहे, कोणाला कशातून सूट त्याची. त्यातल्या तेराव्या नोंदीत 'घरगुती औषधं' आहेत. ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, बाम, ग्राइपवॉटर, निलगिरीचं तेल, एरंडेल... आणि खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या. ही परवान्याशिवाय विकता येतात, पण अटी आहेत. गावाची लोकसंख्या एक हजाराच्या वर नसावी, गावात परवानाधारक विक्रेता नसावा, औषधात शेड्यूल जी, एच किंवा एक्समधलं काही नसावं, आणि माल परवानाधारकाकडूनच घेतलेला असावा. मला हा नियम फार आवडला. कोणीतरी बसून विचार केलाय की आडगावात रात्री बाळाचं पोट दुखलं तर ग्राइपवॉटरसाठी तालुक्याला कोण जाणार? पण याचाच अर्थ असा की एकलहऱ्यासारख्या, हजाराच्या कितीतरी पुढे गेलेल्या गावात ॲलोपॅथिक औषध असलेली गोळी टपरीवर विकणं नियमात बसत नाही. मग टपरीवर बरणी कशी?

कारण आयुर्वेद. आयुर्वेदिक औषधं 1964 च्या दुरुस्तीने कायद्यात आली. त्यांच्या उत्पादनाला परवाना लागतो. विकायला मात्र लागत नाही. किराणावाला, पानवाला, एसटी स्टँडवरचा पोऱ्या, कोणीही विकू शकतो.

आता यात विक्स आणू. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोच्या लन्सफर्ड रिचर्डसन या औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेला हा ब्रँड. 1918 च्या फ्लूच्या साथीत त्याचा बाम अमेरिकाभर गेला. भारतात 1964 साली रिचर्डसन हिंदुस्तान नावाची कंपनी निघाली. ऐंशीच्या दशकात तिचे प्रमुख होते गुरचरण दास, जे पुढे लेखक म्हणून आपल्याला माहीत झाले. त्यांनीच ही हकिकत नंतर लिहिली आहे. औषधविक्रेत्यांच्या संघटनेने जास्त मार्जिन मागत कंपनीच्या मालावर बहिष्कार टाकला. सगळी विक्री केमिस्टच्या दुकानांतून, आणि तीच बंद! तेव्हा शोध घेताना लक्षात आलं की मेंथॉल, कापूर, निलगिरी ही विक्समधली द्रव्यं आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेतच की. अर्ज केला, परवानगी मिळाली, आणि अमेरिकन विक्स भारतात आयुर्वेदिक औषध झालं. फॉर्म्युला बदलावा लागला नाही, फाइल बदलली. त्याबरोबर केमिस्टची सक्ती गेली आणि देशातली दुकानंच दुकानं उघडी झाली. 1985 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने जगभरातली मूळ कंपनीच विकत घेतली, पण भारतातली ही आयुर्वेदिक ओळख टिकली. खोकल्याच्या गोळीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत पाहा, आयुर्वेदिक प्रोप्रायटरी औषध असं लिहिलेलं सापडेल. इतरही अनेक कंपन्यांच्या गोळ्या याच वाटेने टपरीवर आल्या.

यात कोणी लबाडी केली असं मला वाटत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते सरळ आहे आणि आत मेंथॉल आहे हे कोणी लपवलेलं नाही. दूरदर्शनवरच्या जाहिरातीने 'खिचखिच' हा शब्द घराघरात पोचवला, आलं-मध-लिंबू-संत्रं असे स्वाद आले, सुट्या पैशांच्या बदल्यात दुकानदार गोळी देऊ लागला. एवढं सगळं झाल्यावर माणूस तिला औषध का म्हणेल? हाताशी सुटी गोळी येते तेव्हा किती घ्यायच्या, किती दिवस घ्यायच्या, कोणी घेऊ नयेत, हे सांगणारा कागद मागेच राहिलेला असतो.

आणि सगळ्या गोळ्या सारख्या नसतात, ही दुसरी अडचण. दिसायला भाऊ-भाऊ. एक मेंथॉलची. दुसरी स्ट्रेप्सिल्सच्या जातीची, जी बूट्स कंपनीने 1958 साली इंग्लंडमध्ये आणली. हिच्यात अमाइलमेटाक्रेसॉल आणि डायक्लोरोबेंझिल अल्कोहोल अशी दोन सौम्य जंतुनाशकं असतात. मूळ इंग्लिश पाकिटावर दर दोन-तीन तासांनी एक आणि चोवीस तासांत बारापेक्षा जास्त नको असं लिहिलेलं असतं. (दोन-तीन तास... लोलिंबराजाच्या आठ घटका आठवल्या की नाही?) तिसऱ्या प्रकारात फ्लर्बिप्रोफेन असतं, म्हणजे आयब्युप्रोफेनच्या कुळातलं वेदनाशामक. अल्सर असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी ती डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. चौथ्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन, मेंदूतलं खोकल्याचं केंद्र दाबणारं. तुमच्यापैकी जे डिप्रेशनची औषधं घेतात (आणि आपल्या क्षेत्रात ते कमी नाहीत, उगाच लपवायचं कशाला) त्यांनी ही गोळी घेण्याआधी डॉक्टरला नक्की विचारा, कारण काही औषधांबरोबर ती चांगलीच बाधते. पाचवी बेंझोकेनची, घसा बधिर करणारी. ही चघळून लगेच गरम चहा प्यायलात तर तोंड भाजल्याचंही कळणार नाही. बेंझोकेनमुळे क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकदच कमी होते, म्हणून 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ते तोंडात वापरू नये असं बजावलं.

लहान मुलांचा विषय निघालाच आहे तर, त्यांना खरी भीती औषधाची नसून गोळीचीच आहे. कडक, गुळगुळीत, श्वासनलिकेत अचूक बसेल अशी. चार-पाच वर्षांपर्यंत तर अजिबात नको, आणि मोठ्यांनीही तोंडात गोळी ठेवून झोपायचं नाही. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा तापाबरोबर दुखत असेल, मानेतल्या गाठी सुजल्या असतील आणि खोकला नसेल, तर तिथे गोळी देऊन गप्प बसवणं महागात पडू शकतं. तो स्ट्रेप्टोकॉकस जंतू असू शकतो. त्यावर वेळेत अँटिबायोटिक मिळालं नाही तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. आपल्या देशात हे अजून होतं.

साखरेचा हिशेब मी एक्सेलमध्ये केला. एका गोळीचं वजन साधारण अडीच ग्रॅम धरा, त्यातली जवळजवळ सगळी साखर. वीस गोळ्या म्हणजे 50 ग्रॅम, दहा-बारा चमचे. बाबा चहा बिनसाखरेचा घेतात बरं का! आणि 'शुगरफ्री' घेतली तर तिच्यातल्या सॉर्बिटॉलसारख्या द्रव्यांनी, जास्त झाल्यास, पोटाची गाडी सुसाट सुटते.

हे सगळं वाचून मी बाबांना फोनवर भाषण दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, नाही घेत गोळ्या. ज्येष्ठमध चघळतो. ते तरी आपलं आहे ना?"

मग मी ज्येष्ठमधाबद्दल वाचलं आणि शेवटी आईला सांगून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.

ज्येष्ठमध उत्तम, घशाला आराम देतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्यातलं ग्लिसिरायझिन रोज आणि बराच काळ पोटात गेलं तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरतं आणि ब्लडप्रेशर चढतं. अमेरिकेच्या एफडीएने काळ्या लिकोरिसबद्दल, म्हणजे ज्येष्ठमधाच्या मिठाईबद्दल, इशाराच दिलाय. चाळिशीच्या पुढच्यांनी रोज 57 ग्रॅमच्या आसपास दोन आठवडे खाल्ली तर हृदयाचे ठोके बिघडून दवाखान्यात जावं लागू शकतं. आणि बाबांना बीपी आहे.

मी शनिवारी पहाटे निघून एकलहऱ्याला पोचलो आणि बरोबर गेलो. डॉक्टर जुने, शांत. बाबांनी आधीच निकाल देऊन टाकला, "राख हो डॉक्टरसाहेब. थर्मलची राख. तीस वर्षं तिथे काढली." आमच्याकडे घशाच्या प्रत्येक तक्रारीचं हे ठरलेलं उत्तर आहे. घसा बसला, राख. शिंक आली, राख. माझी बारावीची परीक्षा बिघडली तेव्हाही एका काकांनी राख सुचवली होती.

डॉक्टरांनी फक्त विचारलं, "काका, किती दिवस झाले?"

"असतील... गणपतीपासून."

"म्हणजे दोन महिने होऊन गेले. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला तर आम्ही आधी टीबी नाही ना ते बघतो. थुंकी आणि एक्स-रे."

खोलीत एकदम शांतता. टीबी हा शब्द आपल्याकडे अजून कानात बर्फासारखा पडतो. आईने माझा हात धरला. दोन आठवड्यांचा हा नियम सरकारच्या क्षयरोग कार्यक्रमाचाच आहे, दवाखान्यांच्या भिंतींवर लिहिलेला असतो, आणि आपण सगळ्यांनी तो शंभर वेळा वाचलेला असतो. गोळी चघळत वाचलेला असतो!

रिपोर्ट यायला जे दिवस गेले त्यांबद्दल लिहीत नाही. थुंकीत काही निघालं नाही, एक्स-रे स्वच्छ. बाबांचा चेहरा "सांगत होतो ना, राख" असा झाला. तेव्हा डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला. "रोजची औषधं कोणती चालू आहेत? पाकिटं दाखवा."

आईच्या पिशवीतून एक स्ट्रिप निघाली. बीपीची गोळी, श्रावणात बदललेली. नावाच्या शेवटी 'प्रिल'. डॉक्टर हसलेच.

या 'प्रिल' घराण्याची कहाणी मोठी छान आहे. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषावर संशोधन करताना रक्तदाब उतरवणाऱ्या द्रव्याचा धागा सापडला, त्यातून कॅप्टोप्रिल तयार झालं, आणि 1981 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मग एनालाप्रिल, रामिप्रिल असे भाऊबंद आले. या औषधांनी असंख्य हृदयं वाचवलीत. पण घेणाऱ्यांतल्या साधारण दहातल्या एखाद्याला त्यांनी कोरडा खोकला लागतो, कारण ज्या एन्झाइमला ती अडवतात तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य मोडत असतं, आणि ते मोडलं नाही की साठून श्वासनलिकेला गुदगुल्या करत राहतं. खोकला पहिल्या दिवशी लागेलच असं नाही. कधी काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. म्हणून संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणजे काय झालं होतं बघा. बीपीच्या गोळीने खोकला आला. खोकल्यासाठी मेंथॉलची गोळी, तिने खोकला गेला नाही, फक्त दोन महिने कोणी विचारलं नाही. त्या गोळ्यांनी साखर वाढायची सोय केली. मग साखर नको म्हणून ज्येष्ठमध, जे बीपी वाढवतं, ज्याच्यासाठी मुळात पहिली गोळी होती. इतकं परफेक्ट सर्क्युलर डिपेंडन्सी मी कोडमध्येसुद्धा क्वचित पाहिलंय.

डॉक्टरांनी 'प्रिल' बंद करून 'सार्टन' घराण्यातलं औषध दिलं, आणि निघताना बजावलं की खोकला यातून होता म्हणून उद्या बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. खोकला लगेच जाणार नाही, आठवडे लागतील, तोवर घसा अगदीच खवखवला तर दिवसातून एखाद-दोन गोळ्या खा, नाहीतर कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करा, असंही म्हणाले. मी विचारलं, "आणि राख?" ते म्हणाले, "राखेचं नंतर बघू. या वेळी ती निर्दोष आहे."

तिसऱ्या आठवड्यात खोकला उतरला, डिसेंबर संपता संपता पूर्ण गेला. संक्रांतीला घरी गेलो तर संध्याकाळी बाबांबरोबर कोपऱ्यापर्यंत फिरायला निघालो. टपरीवाल्याने लांबूनच हाक मारली.

"काका, कुठे आहात? दोन महिने झाले, गोळ्यांची बरणी अजून पहिलीच चालू आहे. तब्येत वगैरे बरी आहे ना?"